ऑस्टिओपॅथीच्या मागचा हाडवैद्य

कंबरेत उसण भरली की कोल्हापुरात अजूनही बरेच जण आधी तालमीतल्या एखाद्या जाणत्या वस्तादाला गाठतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, तालमी भरल्या. कुस्ती म्हटली की खांदा उतरणार, मान आखडणार, गुडघा मुरगळणार. त्यातूनच दुखणं हातानं ओळखणारी माणसं घडली. असा जाणता माणूस दुखऱ्या जागेवर लगेच जोर देत नाही. आजूबाजूचे स्नायू चाचपतो, सांधा कुठपर्यंत फिरतो आणि कुठं अडतो ते बघतो, अंग सैल पडेपर्यंत चोळतो. घाई करणाऱ्याच्या हातात सांधा द्यायचा नाही, हे तालमीतलं पोरगंही सांगेल.

आता शहरात कानावर येणारी ऑस्टिओपॅथी, म्हणजे सांधे-स्नायूंवर हातानं करायचे उपचार, अशाच हातांच्या विद्येतून निघाली, फक्त अमेरिकेत. अँड्र्यू टेलर स्टिल हा तिकडचा डॉक्टर. 1864 मध्ये मेंदूज्वरानं त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. तेव्हाची औषधं म्हणजे पारा आणि अफू, त्यामुळे त्याचा राग समजण्यासारखा होता. 1874 मध्ये त्यानं आपली पद्धत मांडली. हाडवैद्यकीही तो करत असे. 1892 मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात त्यानं शाळा काढली. बहुतेक सगळे रोग हाडांच्या बिघाडातून होतात, हा त्याचा दावा मात्र टिकला नाही.

ब्रिटनमध्येही हाडवैद्य होतेच. त्यांच्याकडे बरे होणारे रोगी आपल्याकडे का बरे होत नाहीत, हा प्रश्न जेम्स पॅजेट या नामांकित सर्जननं 1867 मध्येच आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवला होता. मला या सगळ्या इतिहासात हा प्रामाणिकपणा सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढे 1917 मध्ये लंडनला ऑस्टिओपॅथीची शाळा निघाली आणि 1993 मध्ये कायदा झाला. तिथं नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही. अमेरिकेत तर या शाखेचे पदवीधर आज पूर्ण डॉक्टर आहेत, औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात.

उपयोग कुठं होतो? जुनी कंबरदुखी आणि आखडलेली मान यांत थोडाफार आराम मिळतो, तोही व्यायामाची जोड असेल तर. ब्रिटनच्या 2016 च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: हाताचे उपचार करायचे तर व्यायामासोबत, एकटे नाहीत. सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून सगळं श्रेय हाताला देऊ नये. झिजलेला गुडघा दाबून पूर्ववत होत नाही.

ब्रिटनसारखा खास ऑस्टिओपॅथीचा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून समोरच्यानं कुठं आणि किती वर्षं शिक्षण घेतलं, हे तोंडावर विचारावं. त्यात संकोच कसला? हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला किंवा कुणाच्याही मानेला झटका देऊ देऊ नये. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर वस्ताद नको, ऑस्टिओपॅथही नको. त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.