साध्या प्रश्नातून एसक्यूएल: पासष्ट वर्षांची पार्श्वभूमी

डेटाबेसला रोजच्या भाषेत प्रश्न विचारण्याचा खटाटोप एसक्यूएलपेक्षा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवण्याच्या रूढ भाषेपेक्षा, जुना आहे. १९६१ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत तयार झालेला ‘बेसबॉल’ हा प्रोग्राम एका हंगामातल्या सामन्यांबद्दलच्या इंग्रजी प्रश्नांना उत्तरे देई. विल्यम वूड्स यांच्या ‘लुनार’ने १९७१ मध्ये अपोलो ११ ने आणलेल्या चांद्रखडकांच्या रासायनिक विश्लेषणावर हेच केले. भूशास्त्रज्ञांनी विचारलेल्या १११ प्रश्नांपैकी ७८ टक्क्यांची उत्तरे बरोबर आली, आणखी १२ टक्के शब्दकोशातल्या किरकोळ चुकांमुळे हुकली. आकडे आजही लाजवणारे नाहीत. पण सगळे नियम हाताने लिहिलेले आणि त्या एकाच डेटाबेसला बांधलेले होते. दुसरा डेटाबेस आला की बरेचसे काम नव्याने करायचे, आणि पुढची सगळी धडपड याच अडचणीभोवती फिरते.

मध्यंतरी टेड कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडले आणि १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल, म्हणजे आजचे एसक्यूएल, पुढे आणले. प्रोग्रामर नसलेल्यांनाही ती भाषा वापरता यावी असा तेव्हा विचार होता. तो किती फळाला आला ते सांगायला नको.

उदाहरणांवरून शिकण्याची सुरुवात १९९६ ची. झेले आणि मूनी यांच्या ‘चिल’ने अमेरिकेच्या भूगोलावरचे २५० प्रश्न आणि त्यांच्या प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेसारख्या क्वेरी (डेटाबेसला समजणाऱ्या विचारणा) यांच्या जोड्यांवरून पार्सर, म्हणजे प्रश्नाची क्वेरी करणारा प्रोग्राम, शिकून घेतला. हा संच पुढे ८८० प्रश्नांचा झाला आणि ‘जिओक्वेरी’ नावाने वर्षानुवर्षे वापरला गेला. डेटाबेस मात्र एकच राहिला.

न्यूरल मॉडेलना भरपूर उदाहरणे लागतात. ती २०१७ मध्ये ‘विकिएसक्यूएल’ या संचाने पुरवली: ८०,६५४ प्रश्न, २४,२४१ टेबले. मात्र प्रत्येक प्रश्न एकाच टेबलापुरता, जॉइन (टेबले जोडणे) नाही, ग्रुप बाय (नोंदींचे गट करणे) नाही. मॉडेलने ठरलेल्या साच्यातल्या रिकाम्या जागा भरल्या तरी भागे, त्यामुळे गुण भराभर वाढले. येल विद्यापीठाच्या ‘स्पायडर’ या संचाने २०१८ मध्ये खरी परीक्षा लावली: १०,१८१ प्रश्न, २०० डेटाबेस, जॉइन आणि नेस्टेड (एकात एक) क्वेरींसह, चाचणीतले डेटाबेस मॉडेलने प्रशिक्षणात पाहिलेलेच नसत. त्यामुळे प्रश्नातला शब्द आणि कॉलमचे नाव यांची सांगड घालणे, म्हणजे स्कीमा लिंकिंग (स्कीमा म्हणजे डेटाबेसच्या टेबलांची रचना), हा कळीचा प्रश्न बनला. २०२० ची ‘रॅट-एसक्यूएल’ ही पद्धत त्यासाठी फॉरेन कीसारखे (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमसारखे) संबंधही मॉडेलला पुरवी. २०२१ च्या ‘पिकार्ड’ने टोकनागणिक, म्हणजे मॉडेल लिहीत असलेल्या प्रत्येक तुकड्यागणिक, व्याकरण तपासून अवैध एसक्यूएल वाटेतच छाटले. याने व्याकरणाच्या चुका आटल्या, अर्थाच्या नाहीत.

गुण द्यायचे कसे, हाही वादाचा विषय. क्वेरी शब्दशः जुळवली तर वेगळ्या पद्धतीने लिहिलेले बरोबर उत्तर बाद होते. नुसता निकाल जुळवला तर लहान डेटावर चुकीची क्वेरीही योगायोगाने पास होते. म्हणून २०२० पासून एकच क्वेरी वेगवेगळ्या डेटावर चालवून पाहण्याची पद्धत आली.

२०२३ च्या ‘बर्ड’ या चाचणीसंचात ९५ डेटाबेस, एकूण ३३.४ जीबी डेटा: अस्वच्छ नोंदी, संक्षिप्त कॉलमनावे, शिवाय स्कीमात कुठेच न लिहिलेले व्यवहारज्ञान. तिथे माणसांची अचूकता ९२.९६ टक्के, तर सुरुवातीला जीपीटी-४ ची ५४.८९ टक्के होती.

आताची रूढ पद्धत अशी: प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) क्रिएट टेबल विधाने, म्हणजे टेबलांची रचना सांगणारे एसक्यूएल, प्रत्येक टेबलातल्या दोन-तीन ओळी आणि संज्ञांच्या व्याख्या द्यायच्या, क्वेरी फक्त वाचण्याचा हक्क असलेल्या खात्यावरून चालवायची आणि एरर आली तर ती मॉडेलला परत द्यायची. यातून चुकीचे कॉलमनाव सापडते. न ओरडणारी चूक सापडत नाही.

समजा प्रश्न आहे, ‘गेल्या वर्षी एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक किती?’ मॉडेल ग्राहक आणि ऑर्डर यांचा लेफ्ट जॉइन (ऑर्डर नसली तरी ग्राहकाची ओळ राखणारा जॉइन) लावते आणि व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, दोन अटी घालते: ऑर्डरची तारीख गेल्या वर्षातली आणि ऑर्डर क्रमांक नल (रिकामा). उत्तर कायम ० येते. ऑर्डरच नसलेल्या ग्राहकाच्या ओळीत तारीखही नल असते आणि नलशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. तारखेची अट व्हेअरमधून काढून जॉइनच्या ऑनमध्ये, म्हणजे टेबले कशी जोडायची ते सांगणाऱ्या भागात, नेली की तीच क्वेरी बरोबर मोजते. एरर दोन्ही वेळा येत नाही, त्यामुळे आपोआप दुरुस्तीचे चक्र इथे सुरूच होत नाही.