ऑस्ट्रेलियातील पेट्रोल दर

ऑस्ट्रेलियात पेट्रोलचा दर लिटरमागे सेंटमध्ये सांगतात. पंपाबाहेरच्या उंच फलकावर १८५.९ असा आकडा लांबूनच दिसतो; शेवटचा ‘.९’ म्हणजे आपल्याकडची बाटाची किंमत. पंपाला तिथे ‘सर्वो’ म्हणतात. ‘झिरो बघा’ म्हणणारा माणूस तिथे नसतो. गाडीत नळी आपणच धरायची, मग आत जाऊन पैसे द्यायचे. हा दर सरकार ठरवत नाही. घाऊक दरावर पूर्वी सरकारी कमाल मर्यादा होती, ती १९९८ मध्ये उठली. तेव्हापासून फलकावर कोणता आकडा लावायचा हे विक्रेत्याच्या मर्जीवर आहे. तरीही त्या आकड्याचा मोठा भाग त्याच्या हाताबाहेरच ठरून आलेला असतो.

त्यातला साधारण अर्धा भाग सिंगापूरच्या बाजारभावाचा. ऑस्ट्रेलिया स्वतः कच्चे तेल काढतो आणि बरेचसे निर्यातही करतो. पण गाड्यांना लागणारे पेट्रोल मुख्यतः आशियातल्या शुद्धीकरण कारखान्यांतून येते. देशातले कारखाने जुने आणि लहान होते. सिंगापूर, कोरियातल्या अवाढव्य प्रकल्पांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. सिडनीतला क्लाइड २०१२ मध्ये, कर्नेल २०१४ मध्ये, ब्रिस्बेनजवळचा बल्वर आयलंड २०१५ मध्ये बंद झाला. २०२१ मध्ये पर्थजवळचा क्विनाना आणि मेलबर्नमधला अल्टोना हेही थांबले. उरले दोन : ब्रिस्बेनचा लिटन आणि मेलबर्नजवळचा जिलाँग. या दोघांनी तरी तग धरावा म्हणून २०२१ मध्ये सरकारने कायदा करून त्यांना आर्थिक आधार दिला.

देशात शुद्ध केलेले पेट्रोल तरी स्वस्त मिळेल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. घाऊक बाजारात दर धरला जातो तो आयात करावी लागली असती तर जो पडला असता तो : सिंगापूरचा भाव, त्यावर जहाजभाडे, विमा आणि ऑस्ट्रेलियन दर्जाचे इंधन बनवण्याचा जादा खर्च. पेट्रोल जिलाँगचे असले तरी भाव सिंगापूरचाच. शिवाय तो भाव अमेरिकन डॉलरमध्ये असतो. कच्च्या तेलाचा भाव जागेवर असला, पण ऑस्ट्रेलियन डॉलर घसरला, तरी फलकावरचा आकडा चढतो, आणि बातम्यांत तर तेल स्वस्त झालेले असते. वाहनचालकांच्या निम्म्या तक्रारी इथूनच उगवतात.

दुसरा मोठा वाटा कराचा, साधारण एक तृतीयांश. उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेल्या सेंटमध्ये असते, दराच्या टक्केवारीत नाही. १९८३ पासून ते महागाई निर्देशांकाला बांधलेले होते. जुलै २००० मध्ये दहा टक्के जीएसटी आला. पेट्रोल भडकल्याने लोक चिडले, तेव्हा मार्च २००१ मध्ये हॉवर्ड सरकारने शुल्क ३८.१४३ सेंटवर गोठवले. ते तेरा वर्षे तिथेच राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये निर्देशांकाची बांधणी परत आली. तेव्हापासून फेब्रुवारी आणि ऑगस्ट असे वर्षातून दोनदा शुल्क गुपचूप सरकते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ५१.६ सेंट झाले. जीएसटी या शुल्कावरही लागतो, म्हणजे करावर कर. १८५ सेंटच्या लिटरमध्ये जीएसटीचे १६.८ आणि शुल्काचे ५१.६ मिळून ६८ सेंटांहून अधिक तेव्हा सरकारजमा होत. युक्रेन युद्धामुळे मार्च २०२२ मध्ये दर दोन डॉलरपलीकडे गेला, तेव्हा मॉरिसन सरकारने शुल्क सहा महिन्यांसाठी निम्म्यावर, ४४.२ वरून २२.१ सेंटवर आणले. मुदत संपताच ते मधल्या वाढीसकट ४६ सेंटवर जाऊन बसले.

तरीही विकसित देशांच्या यादीत ऑस्ट्रेलियाचे पेट्रोल स्वस्तांपैकीच आहे, कारण युरोपात किंवा शेजारच्या न्यूझीलंडमध्ये कर याहून जड आहेत. चालकाला मात्र या यादीचे सुखदुःख नसते. तो कालच्या फलकाशी आजचा फलक ताडून पाहतो, आणि खरा वादाचा मुद्दा तिथेच आहे. सिंगापूर आणि कर बाजूला काढले की उरतो तो दराचा साधारण सातवा हिस्सा : वाहतूक, साठवण, पंपाचे भाडे, पगार आणि नफा. भांडण करण्यासारखे काही असेल, तर ते याच तुकड्यात.

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेड आणि पर्थ या पाच शहरांत दर चक्राकार फिरतात. एके दिवशी एखादी मोठी साखळी दर एकदम तीस-चाळीस सेंटांनी चढवते, दोन-चार दिवसांत बाकीचे मागोमाग चढवतात, आणि मग आठवडेच्या आठवडे सेंट-सेंटाने उतरणे चालते. चढताना उडी, उतरताना रडतखडत. पन्नास लिटरची टाकी चुकीच्या दिवशी भरली तर वीस डॉलरपर्यंत जादा जातात. पूर्वी हे चक्र आठवड्याचे होते आणि कोणत्या वारी स्वस्त हे घरोघर ठाऊक असे. पूर्वेकडच्या शहरांत ते लांबून पाच-सहा आठवड्यांचे झाले, तसा तो ठोकताळाही गेला. ईस्टरच्या सुट्टीआधी मुद्दाम दर चढवतात, ही समजूत पक्की आहे. चढाचा काळ कधी सुट्टीला गाठ पडतो, कधी पडत नाही, पण लक्षात राहतो तो गाठ पडलेलाच. चक्रामागे घाऊक दरातले चढउतार नसून विक्रेत्यांचे धोरण आहे, असे स्पर्धा व ग्राहक आयोग (एसीसीसी) अनेक अहवालांतून सांगत आला आहे. दर चढवणे हा गुन्हा नाही. संगनमत करून चढवणे हा गुन्हा आहे. एकमेकांचे फलक पाहून चढवणे या दोहोंच्या मधे कुठेतरी बसते, आणि तिथे कायद्याचा हात पोचत नाही.

पर्थची कथा यासाठी बघण्यासारखी आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने जानेवारी २००१ मध्ये ‘फ्यूएलवॉच’ सुरू केले. प्रत्येक पंपाने उद्याचा दर आज दुपारी दोनपर्यंत कळवायचा आणि सकाळी सहापासून चोवीस तास तोच ठेवायचा. चालकाला आदल्या दिवशीच सगळे दर दिसणार, मग विक्रेते आपोआप नमतील, असा हिशेब होता. पण चालकाला दिसते ते विक्रेत्यालाही दिसते. डेव्हिड बर्न आणि निकोलस डी रूस या अर्थशास्त्रज्ञांनी पर्थच्या पंधरा वर्षांच्या दरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की बाजारातल्या आघाडीच्या बीपी या तेल कंपनीने दरांचे प्रयोग करत करत गुरुवारची उडी आणि त्यानंतर रोज दोन सेंटांची उतरण अशी लय बसवली. बाकीच्यांनी ती उचलली, कोणी कोणाला फोन न करता. नफ्याचा वाटा वाढला. चालक बुधवारी रांगा लावून टाक्या भरू लागले. पुढे उडी मंगळवारी गेली आणि रांगा सोमवारी. हीच योजना देशभर नेण्याचा रड सरकारचा प्रयत्न २००८ मध्ये सिनेटमध्ये पडला.

पूर्वेकडे उलट अडचण होती. तिथे सगळ्यांचे दर घडीघडीला कळत होते ते फक्त विक्रेत्यांना, ‘इन्फॉर्म्ड सोर्सेस’ या माहिती पुरवणाऱ्या कंपनीकडून. एसीसीसीने २०१४ मध्ये या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २०१५ च्या अखेरीस तडजोड झाली ती अशी, की विक्रेत्यांना मिळणारी माहिती ग्राहकांनाही मिळावी. न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये ‘फ्यूएलचेक’ आणले, इतर राज्ये मागून आली. ज्याला वाट वाकडी करून दोन किलोमीटर जायची तयारी आहे, त्याला आज मोबाइलवर स्वस्त पंप सापडतो, आणि तो बहुधा मोठ्या नावाचा नसतो. किराणा घेतल्यावर कोल्स-वूलवर्थ्स या सुपरमार्केटांच्या बिलामागे मिळणारी लिटरमागे चार सेंटांची सूट लोक जिवापाड जपतात, पण महागड्या पंपावर ती वापरली तर शेजारच्या बिनसवलतीच्या पंपापेक्षाही जास्त पैसे जातात.

डार्विन, होबार्ट, कॅनबेरा यांना असे नियमित चक्र नाही. तिथे दर चढला की ठाण मांडतो. लहान गावात पंप एखाददुसरा, खप कमी, टँकरचा प्रवास लांब. नलरबोरच्या ओसाड मैदानातल्या रोडहाउसमध्ये (महामार्गावरच्या पंप-खानावळीत) तर पुढचा पंप शंभरेक किलोमीटरवर असतो आणि घासाघीस करायला कोणीच नसते. पण अंतर ही दर वेळी खरी सबब नसते. २०१४ मध्ये डार्विनचे दर इतर राजधान्यांपेक्षा ठळकपणे जास्त होते. ऑक्टोबरमध्ये तिथल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाच्या सरकारने तेल कंपन्यांना बैठकीला बोलावले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, एसीसीसीने चौकशी हाती घेतली. पुढच्या काही महिन्यांत डार्विनमधल्या विक्रेत्यांचा नफ्याचा वाटा उतरला. टँकरचा रस्ता तेवढाच लांब होता.