एन्काउंटर म्हणजे गोळी घालणंच का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज आहे, की एन्काउंटर म्हणजे पोलिसांनी गुंडाला गोळी घालून मारणं आणि कायद्यात तसा अधिकारच दिलाय. असं वाटणं साहजिक आहे, आपल्याकडे पेपरात आणि सिनेमात हा शब्द तेवढ्याचसाठी ऐकू येतो.

पण इंग्रजीत एन्काउंटर म्हणजे भेट, बहुतेक वेळा अचानक झालेली, नाहीतर अडचण समोर येणं. मुळात लॅटिन 'कोन्त्रा', म्हणजे विरुद्ध, तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि सुरुवातीला अर्थ होता शत्रूची गाठ पडणं. म्हणजे झटापटीची छटा जुनीच आहे, मारण्याची मात्र नाही. आपला 'चकमक' शब्द त्याच्या जास्त जवळचा, कारण चकमकीत दोन्ही बाजू असतात.

अमेरिकन हॉस्पिटलांचं बिलिंगचं काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर विचारा, त्यांच्या स्क्रीनवर रोज 'पेशंट एन्काउंटर' दिसतं, म्हणजे पेशंट आणि डॉक्टरची भेट, साधा खोकला दाखवायला आला तरी.

आता कायदा. आधी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६ होतं, आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ आहे. अटकेला विरोध झाला तर आवश्यक बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा हक्क या कलमाने मिळत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आरोप तसा असला तरी बळ अटकेसाठी लागेल तेवढंच. दोन्ही कलमं नेटवर फुकट वाचता येतात, एन्काउंटर हा शब्द त्यात शोधून बघा, सापडत नाही.