रॅम एअर: वाऱ्यातून खरंच ताकद मिळते का?

कावासाकी निंजा झेडएक्स-10आरच्या माहितीपत्रकात एकाच इंजिनाच्या ताकदीचे दोन आकडे छापलेले असतात: 203 पीएस (अश्वशक्ती), आणि 'रॅम एअरसह' 213.1 पीएस. दुसरा आकडा भन्नाट वेगातला. बाइकच्या नाकावरच्या तोंडातून समोरचा वारा थेट एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पेटीत) घुसतो, तेव्हाचा. दहा पीएस म्हणजे साध्या 125 सीसी बाइकचं जवळपास अख्खं इंजिन. एवढं नुसत्या वाऱ्यातून?

वारा अडवला की त्याची गती दाबात बदलते आणि सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा कोंबली जाते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तरी ताशी 100 किलोमीटरला तो जेमतेम 460 पास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. 200 ला 1.8 टक्के, 300 ला सुमारे 4. आणि ही कमाल मर्यादा झाली. वाटेतल्या वळणांत आणि फटींत काही दाब गळतोच. त्यामुळे कंपनीचे पाच टक्के मला जरा सढळ वाटतात. अर्थात आतलं घर्षण फारसं वाढत नसल्याने चाकापर्यंतचा फायदा दाबापेक्षा किंचित जास्त दिसू शकतो.

हे आकडे किती लहान आहेत? लोणावळ्याहून खोपोलीला उतरलात की इंजिनाला जो जादा दाब फुकट मिळतो, तो ताशी 300 च्या रॅम एअरपेक्षा जास्त असतो. शंभरच्या वेगाची कमाई तर चाळीसेक मीटरच्या उताराएवढी.

मग गाड्यांच्या बॉनेटवरचे ते ऐटदार स्कूप, म्हणजे हवा आत घेणारी तोंडं? 1960 च्या दशकात पॉन्टिअॅकने 'रॅम एअर' हे नाव गाजवलं, पण तिथला खरा फायदा थंड हवेचा. हवा तीन अंशांनी गार झाली की साधारण एक टक्का दाट होते. बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी वीस अंश गार हवा मिळाली, तर सहा-सात टक्के वाढ, तीही कमी वेगात. शिवाय बॉनेटला चिकटून वाहणारा हवेचा थर मंद असतो, त्यामुळे बसक्या स्कूपच्या तोंडाशी पुरता वारा येतच नाही. शेव्हरोलेने तर काही गाड्यांत तोंड उलटं, विंडशील्डकडे वळवलं होतं. काचेच्या पायथ्याशी वारा अडतो आणि दाब आपोआप वाढतो, म्हणून.

कार्ब्युरेटरच्या बाइकवर आणखी एक भानगड. एअरबॉक्सचा दाब वाढला आणि फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचा) तसाच राहिला, तर पेट्रोल कमी ओढलं जातं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणून एअरबॉक्सचा दाब बाउललाही नळीने पोचवावा लागतो.

राहता राहिली आपली 150 सीसीची बाइक. 15 पीएसच्या इंजिनाला शंभरच्या वेगात रॅम एअरने फार तर 0.07 पीएस मिळतील, तेही थ्रॉटल पूर्ण पिळलेला असेल तर. अर्ध्या थ्रॉटलवर हवा अडवण्याचं काम थ्रॉटलच करतो, तिथे बाहेरच्या दाबाला कोण विचारतं? त्यातून एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर बसवला, तर तो इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो. ती दहा अंशांनी जरी गरम असली तरी तीन टक्के गेले.