वटवाघळांमधील रोगकारक कवकांचा शोध

रानातील वटवाघळांच्या त्वचेवर, शरीरात किंवा त्यांच्या वस्तीतील विष्ठेत रोग उत्पन्न करणारी कवके, म्हणजे बोलीतील बुरशी, आहेत का हे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पडताळण्याचे काम. यामागे दोन प्रश्न असतात: वटवाघूळ स्वतः आजारी आहे का, आणि त्याच्या वस्तीत शिरणाऱ्या माणसाला धोका आहे का. हे प्रश्न एकत्र विचारले की उत्तरे चुकतात. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत तर ते वेगळे ठेवणे विशेष आवश्यक आहे.

पहिल्या प्रश्नाला जगभर महत्त्व आले ते व्हाइट-नोज सिंड्रोम या रोगामुळे. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेल्या वटवाघळांचे छायाचित्र घेतले गेले, आणि पुढे या रोगाने उत्तर अमेरिकेत लक्षावधी वटवाघळे मेली. स्यूडोजिम्नोअॅस्कस डिस्ट्रक्टन्स हे त्याचे कारक कवक शीतनिद्रेत थंड पडलेल्या प्राण्याच्या पंखांच्या त्वचेत शिरते. प्राणी वारंवार जागा होतो, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी अवेळी संपते आणि अखेर तो उपासमारीने मरतो. युरोप व चीनमध्येही हे कवक आढळते, मात्र तेथे असा संहार झालेला नाही. त्याची वाढ १२ ते १६ अंश सेल्सिअसला उत्तम होते आणि सुमारे २० अंशांच्या वर थांबते. गोव्याच्या किनाऱ्यावर जानेवारीतही रात्रीचे किमान तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि दीर्घ शीतनिद्रेची वेळच येत नाही. म्हणून एखाद्या वटवाघळाच्या अंगावर पांढुरका थर दिसला, तर तो याच रोगाचा समजण्याची घाई येथे करू नये. कुजट, ओल्या जागी वाढणारी साधी बुरशीही तशीच दिसते.

दुसऱ्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम हे कवक आहे. सॅम्युअल डार्लिंग यांनी १९०६ मध्ये पनामातील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांना तो एकपेशीय प्राणी वाटला होता. हे कवक द्विरूपी आहे: मातीत आणि विष्ठेत सुमारे २५ अंशांना ते तंतूंच्या रूपात वाढते, तर ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या उष्णतेत, यीस्टसारख्या गोल पेशींचे रूप घेते. पक्ष्यांच्या विष्ठेने माती या कवकाला पोषक होते, पण पक्ष्यांच्या शरीराचे तापमान जास्त असल्याने त्यांना स्वतःला सहसा लागण होत नाही. वटवाघळांना मात्र ती होते आणि त्यांच्या विष्ठेतून कवक बाहेर पडू शकते. विष्ठेचा कोरडा थर ढवळला की सूक्ष्म बीजाणू हवेत उडतात व श्वासावाटे फुप्फुसांत जातात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत आजार शरीरभर पसरू शकतो. फुप्फुसांचा दीर्घकाळ टिकणारा आजार क्षयासारखा दिसतो, त्यामुळे डॉक्टरांना रुग्णाने गुहेत, जुन्या घराच्या माळ्यावर किंवा पडक्या विहिरीत काम केले होते का, हे विचारावे लागते.

गोव्यातील हरवळे, लामगाव, खांडेपार आणि रिवण येथील जांभ्या दगडातील कोरीव लेण्यांसारख्या अंधाऱ्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या जागा वटवाघळांच्या सोयीच्या असतात, आणि पर्यटक व भाविकही तेथे जातात. अशा ठिकाणची पाहणी लोकांना घाबरवण्यासाठी नसून विष्ठा साफ करणाऱ्या माणसाला वेळेवर मुखपट्टी मिळावी यासाठी असते.

नमुने घेण्यासाठी वटवाघळे मिस्ट नेट या बारीक जाळ्यात संध्याकाळी पकडतात. नाक, पुढचे हात आणि पंख यांवरून निर्जंतुक कापसाची काडी फिरवतात, विष्ठा गोळा करतात व प्राण्याला तेथेच सोडतात. पूर्वी त्वचेतील विकृती पाहण्यासाठी प्राणी मारून ऊतींचे काप घ्यावे लागत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत पंख अतिनील दिव्यासमोर धरल्यास व्हाइट-नोजची विकृती नारिंगी-पिवळी चमकते, आणि चमकणाऱ्या जागेचाच छोटासा तुकडा पुरतो. मारण्याची गरज न उरणे ही या क्षेत्रातील खरी प्रगती होय. पिल्ले असलेल्या वस्तीला हात लावू नये आणि वन्यजीव विभागाची परवानगी आधी घ्यावी. हाताळणाऱ्याने रेबीजची लसही घेतलेली असावी.

प्रयोगशाळेत नमुना सॅबोरो आगर या कवके वाढवण्याच्या पोषक माध्यमावर प्रतिजैविके घालून वाढवतात. अॅस्परजिलस व इतर झपाट्याने वाढणाऱ्या बुरशी थाळी व्यापून टाकतात आणि हिस्टोप्लाझ्मा मात्र अनेक आठवड्यांनी दिसते, म्हणून थाळी लवकर फेकून देणे ही मोठी चूक ठरते. हिस्टोप्लाझ्माचे संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेतील वाढ, उच्च जैवसुरक्षेच्या कक्षातच करावे लागते. संवर्धनाशिवाय पीसीआर चाचणीने कवकाचा डीएनए शोधता येतो. २०१२ पासून कवकांची ओळख पटवण्यासाठी आयटीएस हा जनुकीय भाग प्रमाण मानला जातो. डीएनए सापडला म्हणजे कवक तेथे होते एवढेच कळते. ते जिवंत होते का आणि त्याने आजार केला का, हे संवर्धन व ऊतींच्या पाहणीतूनच ठरते.

महादई अभयारण्याच्या पलीकडे, बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहेतून १९१३ मध्ये वर्णिलेले राउटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ दीर्घकाळ तेवढ्या एकाच वस्तीवरून ठाऊक होते. अशा वस्तीला गुहांतून गुहांत फिरणाऱ्या पाहणीकारांनीच रोग पोहोचवणे परवडणारे नाही. म्हणून पाहणीनंतर कपडे व उपकरणे बदलतात, आणि जी उपकरणे चालतील ती ५५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटे बुडवून ठेवतात.