तीन पिढ्यांची पचमढी : गाडी सांगण्याआधी एकदा वाचा

वरुड, मोर्शी, नरखेड, काटोल या पट्ट्यात मध्य प्रदेशातली डोंगरावरची पचमढी कोणाला नवी नाही. नागपंचमीच्या दिवसांत नागद्वारीला जाणारे आणि महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे गावोगाव सापडतात. आजीसाठी पचमढी म्हणजे महादेव. नातवंडांना धबधब्यात भिजायचं असतं. सुनेला थंड हवा आणि तीन दिवस चुलीपासून सुटका हवी असते. या सगळ्यांना एका गाडीत बसवून नेणं आणि सगळ्यांना आनंदात परत आणणं हे आमचं काम. त्यासाठी काही गोष्टी आधीच मोकळेपणाने सांगितलेल्या बऱ्या.

दोन रात्री नाही, तीन रात्री

लोक येतात आणि म्हणतात, “भाऊ, शनिवारी निघू, सोमवारी सकाळी घरी.” चार मित्र असतील तर जमते. घरात सत्तरीचे आजोबा आणि चार वर्षांचं लेकरू असेल तर आम्ही नाही म्हणतो. नागपूरहूनच पचमढी अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत घाट आहेत. जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस प्रवासातच जातो. मधे निदान दोन पूर्ण दिवस मिळाले नाहीत, तर म्हातारी माणसं फक्त गाडीची सीट बघून येतात.

आपल्याकडून रस्ता पांढुर्णा किंवा सौंसरवरून छिंदवाडा, पुढे परासिया, तामिया, मटकुली आणि मग पचमढीचा घाट. पहाटे पाचला गाडी हलते. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो आणि पहिली उलटी बहुतेक तिथेच होते. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी घरून निघताना भरपेट खाऊ नये, डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी आणि पुढच्या सीटवर बसावं. सौंसरजवळ जामसावळीचा हनुमान आहे. निजलेल्या मूर्तीचं हे देवस्थान आजीला टाळवणार नाही, तेव्हा त्याची वेळ आम्ही धरूनच ठेवतो.

छिंदवाड्याला जेवणाआधी श्री बादल भोई आदिवासी संग्रहालय दाखवतो. १९५४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात गोंड, भारिया, कोरकू अशा समाजांची घरं, दागिने, वाद्यं, शेतीची अवजारं मांडलेली आहेत. काही ग्राहक आधी कुरकुर करतात की सहलीत हे म्युझियम कशाला. आत गेल्यावर मात्र आजोबाच पुढे असतात. औतफाटा, पाटी, जातं बघून ते नातवाला समजावत बसतात आणि त्यांना बाहेर काढणं कठीण होतं.

धबधब्यापेक्षा गुहा बऱ्या

पचमढीची यादी मोठी आहे, पण तीन पिढ्यांच्या घराला तिथली सगळी ठिकाणं सारखी नाहीत. धबधबा घराचे दोन भाग करतो. बी फॉलला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि तेवढ्याच चढून यावं लागतं. पोरं खाली मजा करतात, आजी-आजोबा वर बाकड्यावर पिशव्या राखत बसतात आणि आईचा जीव दोन्हीकडे. जटाशंकरच्या गुहेचं तसंच आहे. दरीत उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात.

चित्रं आणि जुन्या इमारती मात्र सगळ्यांना एका जागी उभं करतात. महादेव डोंगररांगेतल्या कातळांवर माणसाने हजारो वर्षांपूर्वी काढलेली चित्रं आहेत. गेरूचा लाल आणि पांढरा हे मुख्य रंग. शिकार, नाच, मध काढणारी माणसं आणि नंतरच्या काळातल्या चित्रांत घोड्यावरचे ढाल-तलवारवाले. १९३० च्या दशकात डी. एच. गॉर्डन या इंग्रज अधिकाऱ्याने या चित्रांचा अभ्यास केला. जटाशंकराजवळच्या एका गुहेत तंतुवाद्य वाजवणारा माणूस रंगवला आहे, त्यावरून ती गुहा हार्पर केव्ह म्हणून ओळखली जाते. काही कातळांपर्यंतची वाट जंगलातली आणि चढाची आहे, म्हणून कोणाला कुठे न्यायचं हे आम्ही तिथल्या गाईडशी बोलून, आजी-आजोबांची चाल बघून ठरवतो. जिथे नेऊ तिथे एकच कडक नियम: चित्राला हात लावायचा नाही आणि पाणी मारायचं नाही. पाण्याने रंग उठून दिसतो असं कोणी सांगेल, ऐकू नका. ओल्या हाताने चित्रं खराब होतात.

लेकरांसाठी एक वही आणि तेलखडूची पेटी आमच्याकडून मिळते. गुहेतून आल्यावर संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात ती पोरं घोडे आणि माणसं काढत बसतात. बहुतेक वेळा वही आजीच्या मांडीवर जाते. अंगणात बारशाला, लग्नाला चौक काढलेला हात तो, त्याला रेघ शिकवावी लागत नाही. मोबाईल बाजूला ठेवा असं मग कोणाला सांगावं लागत नाही.

गावातलं ख्राइस्ट चर्च १८७५ सालचं. सकाळी ऊन आलं की रंगीत काचांमधून लाल-निळा उजेड आत पडतो आणि लेकरं त्या रंगांत हात धरून उभी राहतात. इथे पायऱ्यांची भानगड नाही, बसायला बाकं आहेत. कॅथलिक चर्च १८९२ सालचं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६२ मध्ये बांधलेलं बायसन लॉज आता वन खात्याकडे आहे. जंगलातल्या पॉइंटची परवानगी आणि जिप्सी, म्हणजे तिथली भाड्याची उघडी जीप, घ्यायला तिथे जावंच लागतं, तेव्हा रांगेत एकजण उभा राहतो आणि बाकीचे ती जुनी इमारत बघून घेतात.

देवदर्शन कोणाला झेपेल

बडा महादेव सगळ्यांना जमतो. गुहेत छतातून पाणी ठिबकत असतं आणि खालची फरशी ओली असते, म्हणून आजीचा हात कोणीतरी धरावा. चपला बाहेर राहतात, तेव्हा जाड मोजे सोबत ठेवा, हिवाळ्यात फरशी बर्फासारखी लागते. गुप्त महादेवाची फट अरुंद आहे. आडवं होऊन सरकावं लागतं आणि एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात. ज्यांचं अंग जड आहे किंवा ज्यांचा जीव कोंदट जागेत घाबरतो त्यांनी बाहेरूनच हात जोडावे. भस्मासुराच्या भीतीने खुद्द महादेव इथे लपला अशी कथा आहे, तेव्हा बाहेर थांबण्यात कमीपणा नाही.

चौरागडाचा विषय घरात आधीच मिटवून घ्या. सुमारे १३०० पायऱ्या आहेत. आजोबा म्हणतील, “मी तरणा असताना दोनदा चढलो.” चढले असतील. नवस फेडायचाच असेल तर घरातल्या जवान माणसाने त्रिशूळ वर न्यावा आणि म्हाताऱ्यांनी बडा महादेवाजवळ थांबावं. तरुणांना चढायचं असेल तर भल्या पहाटे पाठवतो, दुपारी सगळे जेवायला एकत्र.

धूपगड हे सातपुड्याचं सर्वात उंच टोक, सुमारे १३५० मीटर. तिथे जिप्सी थेट वरपर्यंत जाते, म्हणून संध्याकाळ आम्ही तिथली ठेवतो. एक अडचण आहे. जिप्सीची पायरी उंच असते आणि नऊवारीत किंवा गुडघेदुखीत तिच्यावर पाय टाकणं सोपं नाही. आमच्या गाडीत एक ठेंगणा लाकडी पाट असतो, तो ड्रायव्हर जिप्सीजवळ लावतो. क्षुल्लक वस्तू आहे, पण तिच्यावाचून कितीतरी आज्या खालीच राहिल्या असत्या.

कधी जायचं

नागद्वारीच्या यात्रेत आणि महाशिवरात्रीला घरच्या सहलीसाठी गाडी आम्ही देत नाही. गर्दीत खोली मिळत नाही आणि मिळाली तर वरच्या मजल्यावर. पोळा होऊन गेला की धबधबे भरलेले असतात, डोंगर हिरवा असतो आणि सोयाबीन काढणीला थोडा अवकाश असतो. ते दिवस सर्वांत चांगले, छत्री मात्र हवीच. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर दसऱ्याआधी सांगा. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते, रात्री पारा पाच अंशांच्या खालीही जातो, तेव्हा दम्याच्या माणसाला त्या दिवसांत नेऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असताना तिकडे बरं वाटतं, पण दुपारचं ऊन तिथेही लागतं.

खोली, जेवण, पैसे

आजी-आजोबांची खोली आम्ही तळमजल्यावरच घेतो, कमोड आणि गरम पाण्यासह. ती मिळत नसेल तर तारीख बदलायला सांगतो. लॉजचं जेवण हिंदी मुलखाचं असतं: पोहे-जिलेबी, शेव-टमाटर, पोळी. वरण-भात आणि कमी तिखट भाजी आदल्या दिवशी सांगून करून घेतो. भाकर मिळेलच असं नाही. घरचा ठेचा, शेवचिवडा, शंकरपाळे सोबत ठेवा, पण पिशवी हातात धरून पॉइंटवर फिरू नका, माकडं हिसकतात. उपवास असेल तर वार आधी कळवा.

बी.पी., शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा. पचमढी लहान गाव आहे, रात्री हवी ती गोळी मिळेलच असं नाही. डोंगरात मोबाईलची रेंज जाते, म्हणून ताटातूट झाली तर कुठे भेटायचं ते दर पॉइंटवर ड्रायव्हर सांगतो, ते सगळ्यांनी ऐकून घ्यावं.

आमच्या भाड्यात गाडी, ड्रायव्हर, डिझेल, टोल, मध्य प्रदेशचा परमिट टॅक्स आणि खोल्या येतात. जिप्सी, जंगलाची परवानगी, गाईड, नौकाविहार आणि दुपारचं जेवण तुमच्याकडे. बाहेरच्या गाड्या जंगलातल्या पॉइंटवर सोडत नाहीत, जिप्सी घ्यावीच लागते, म्हणून “आमची गाडी असताना परत पैसे का?” हा प्रश्न तिथे वाद घालून सुटत नाही. अर्धी रक्कम बुकिंगला, उरलेली निघण्याच्या दिवशी. घरात कोणी आजारी पडलं आणि तीन दिवस आधी कळवलं तर तारीख पुढे नेतो, पैसे कापत नाही. लॉजवाल्याने कापले तर तेवढे तुम्ही सोसायचे.

बुकिंगला येताना घरात एवढं विचारून या: पायऱ्या कोणाला चालतात, कोणाला नाही, गाडी कोणाला लागते, सर्वांत लहान लेकरू किती वर्षांचं आणि रात्री कोणाला किती वेळा उठावं लागतं. शेवटच्या प्रश्नाला लाजू नका, खोल्या त्यावरूनच वाटतो. सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स सोबत आणा, लॉजवर आणि वन खात्याच्या खिडकीवर दोन्हीकडे लागतात.