वेल्डिंग आतून बघा की

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आरगॉन वेल्डिंगवाले. दुधाच्या टाक्या, हॉटेलचं स्टेनलेसचं काम वगैरे करतात, हात एकदम साफ. मागच्या आठवड्यात त्यांना मोबाईलवर एक फोटो दाखवला, पेन्सिलीएवढ्या नळीचा जोड, मधोमध उभा चिरलेला. ते म्हणाले, "जोड चांगला आहे की, मग चिरलाय कशाला ओ?"

आत बघायला! मोबाईल-कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या फॅक्टरीत, म्हणजे आता गुजरातेत धोलेऱ्यात उभी राहतेय तसल्या, गॅस ह्या नळ्यांतून येतो. त्यात सायलेन असतो, जो हवा लागली की आपोआप पेटतो, आर्सिन असतो, जो जहाल विष, आणि हायड्रोजन क्लोराईड, ज्याला थोडा ओलावा मिळाला की स्टील खायला लागतो आणि लोखंडाचे कण थेट चिपवर जाऊन बसतात. म्हणून नळी 316एल स्टेनलेसची, आतून इलेक्ट्रोपॉलिश म्हणजे विजेनं गुळगुळीत केलेली, खडबडीतपणा 0.25 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. एवढी गुळगुळीत नळी घ्यायची आणि जोडात काळं करून ठेवायचं, मग काय उपयोग?

तर इथे हात चालत नाही, मशीन लागतं. नळी जागेवरच, तिच्याभोवती मशीनच्या बंद डोक्यात (हेडमध्ये) ठिणगी देणारी टंगस्टनची सुई गोल फिरते, म्हणून नाव ऑर्बिटल. 1960च्या दशकात विमानांच्या हायड्रॉलिक (दाबाच्या तेलाच्या) लाइनी गळू नयेत म्हणून हे आलं. फिलर रॉड, म्हणजे भरावाची सळी, नाहीच, दोन्ही टोकं वितळून एकमेकांत मिसळतात, त्यामुळे टोक काटकोनात फेस केलेलं, म्हणजे सपाट कापलेलं पाहिजे, फट चालत नाही. भिंत जेमतेम 0.89 मिलिमीटर, सुई फिरता फिरता नळी तापत जाते, म्हणून मशीन करंट टप्प्याटप्प्यानं उतरवतं, नाहीतर सुरुवातीला कच्चं आणि शेवटी भोक.

हवा दूर ठेवायला बाहेरून आरगॉन गॅस तर असतोच पण आतूनही सोडतात, आणि त्याचा दाब जपावा लागतो. जास्त झाला तर वितळलेला धातू बाहेर फुगतो, कमी पडला तर आत लोंबतो. आतल्या आरगॉनमध्ये ऑक्सिजन राहिला तर जोडाशेजारी पिवळा-निळा रंग चढतो. मिस्त्रींच्या कामात तो रंग घासून काढता येतो, पण इथे आत हात कुणाचा जाणार?

मला सगळ्यात भारी वाटलं ते गंधकाचं. स्टीलमध्ये तो साधारण 0.005 ते 0.012 टक्के असावा लागतो, अगदी कमी असला तर वितळलेला धातू बाजूला पसरतो, खोल जात नाही, थोडा असला की प्रवाह आत वळतो आणि जोड तळापर्यंत लागतो. दोन नळ्यांत गंधक वेगवेगळा असेल तर सुई बरोबर मधोमध असूनही जोड कमी गंधकाच्या बाजूला सरकतो! दोष मशीनचा नाही, ऑपरेटरचाही नाही, मालाच्या सर्टिफिकेटात बघायला हवं होतं.

म्हणून खरं काम चालू करायच्या आधी नमुन्याचा जोड करून चिरून बघतात. पुढे लाइन तयार झाली की हेलियमनं गळती तपासतात, मर्यादा अशी की एक घन सेंटिमीटर हेलियम निसटायला साधारण 31 वर्षं लागावीत.

हे ऐकून मिस्त्री हसले, "आम्ही साबणाचं पाणी लावून बघतो," म्हणाले, आणि फोटो परत मागून घेतला, झूम करून आतली बाजू बघत बसले.